पस्तिसाव्या आठवड्याचं चित्र

माझ्या फोनमध्ये एका बाळाची छत्तीस चित्रं आहेत. पाचव्या आठवड्यापासून चाळिसाव्या आठवड्यापर्यंत, आठवड्याला एक. ती मी काढली असं म्हणायची माझी हिंमत नाही. मी सांगत गेले आणि यंत्र काढत गेलं. बाळ माझ्या मोठ्या बहिणीचं होतं. ते पस्तिसाव्या आठवड्यात पोटातच गेलं. पुढच्या पाच आठवड्यांची चित्रं तोवर काढून तयार होती, कारण सगळं आगाऊ करून ठेवायची मला भारी हौस.

ताईने त्याला पाहिलं नाही. तिला पाहू दिलं नाही. आमच्या घरातून त्याला नीट पाहिलं ते मी एकटीने, आणि तो कसा होता हे मी तिला कितीतरी महिने खरं सांगितलं नाही. ते का, आणि शेवटी कसं सांगितलं, तेवढंच इथे लिहायचं आहे.

मी अकोल्याला होस्टेलवर राहून नर्सिंग शिकते. तिसऱ्या वर्षाला प्रसूतिशास्त्र असतं, आणि प्रसूतिशास्त्र म्हटलं की जर्नल आलंच. आमच्या ट्यूटर मॅडमचा नियम असा की प्रत्येक आकृती हाताने काढायची, पेन्सिलने. कोणी छापील कापून चिकटवली की त्या पान फाडून तिच्याच हातात द्यायच्या. मॅडम शिकवताना पुस्तकी मराठी बोलत आणि रागावल्या की वऱ्हाडीवर येत. "डोळ्याले वाटते समजलं म्हणून," त्या म्हणायच्या. "हात काढाले बसला का मंग कयते, काय काय नाई समजलं ते."

माझा हात चित्रकलेत पहिल्यापासून गेलेला. चौथीत मी पोळ्याचा बैल काढला होता तेव्हा बाईंनी "टेबल छान आलं" म्हणून पाठ थोपटली होती. त्यामुळे होस्टेलच्या खोलीतल्या मैत्रिणीने फोनवर चित्र काढून देणारं ए.आय. दाखवलं तेव्हा मला देव पावल्यासारखं झालं. मी आधी मराठीत टाकून पाहिलं: गर्भाशयातलं बाळ, आठवा आठवडा. त्याने कमळात बसलेलं, काजळतीट लावलेलं, सहा महिन्यांचं गुटगुटीत बाळ काढून दिलं. आम्ही पोट धरून हसलो. मग इंग्रजीत टाकलं, तेव्हा जरा कामाचं आलं. त्यातही एका हाताला सहा बोटं, नाळ कोपरातून निघालेली. आकृतीला नावं दिली होती ती दुरून मराठी वाटायची आणि जवळून कोणत्याच भाषेतली नव्हती.

पहिले काही आठवडे मी त्यातून शिकले, हे नाकारत नाही. चूक कुठे आहे हे कळायला पुस्तक उघडावं लागे. उघडलं की दोन ओळी वाचल्या जात. मग मी यंत्राला सांगे, बोटं पाच कर, नाळ बेंबीतून काढ. चार-पाच खेपांत चित्र जमे. फोनची चमक पूर्ण वाढवायची, वर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, गिरवायचं आणि जर्नलमध्ये उतरवायचं. माझी पानं वर्गात सगळ्यांत देखणी व्हायला लागली. देखणी व्हायला लागली तसं पुस्तक उघडणं मागे पडलं. चित्र बरोबर दिसतंय ना, मग ते बरोबरच असणार, असं वाटायला लागलं.

मॅडमनी एकदा पकडलं. वारेच्या आकृतीत नाळ नेमकी उलट्या बाजूने निघालेली होती, जी बाजू आईच्या अंगाला चिकटलेली असते तिच्यातून. मॅडमनी त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. हात चुकला, मी म्हणाले. "हाताची चूक असली तं सुधरते," त्या म्हणाल्या. "उतरवलेली चूक सुधरत नसते बाई." त्यांना कळलं होतं की नाही, कोण जाणे. मी खोडरबराने नाळ पुसली, दुसऱ्या बाजूने काढली आणि विसरून गेले.

त्याच वर्षी ताईला दिवस गेले. लग्नाला पाच वर्षं झाली होती. तिचं सासर अकोल्यातच, भाऊजी दालमिलमध्ये सुपरवायझर. दर रविवारी मी होस्टेलमधून तिच्याकडे जेवायला जायची. एका रविवारी तिने माझ्या फोनमधली चित्रं पाहिली आणि तिचे डोळेच बदलले. "माहं आता कितवं चालू आहे? दाखव बरं," ती म्हणाली. अकरावा आठवडा चालू होता. मी अकरावं दाखवलं. तिने ते बोटांनी मोठं करून पाहिलं, लहान केलं, परत मोठं केलं. "एवढुसं आहे वं हे," म्हणाली आणि डोळे पुसत हसायला लागली.

तेव्हापासून तो आमचा नेमच झाला. दर रविवारी नवं चित्र. चित्राखाली मी मराठीत एक ओळ टाकायची, त्या आठवड्यात काय होतं त्याची. ओळही यंत्राकडूनच घ्यायची. विसाव्या आठवड्यापर्यंत मी त्या ओळी पुस्तकाशी ताडून पाहिल्या. पुढे नाही पाहिल्या. मला अभ्यास होता, ताईला हौस होती आणि दोन्ही एकाच दगडात होत होतं. मी स्वतःवर फार खूश होते.

सातव्या महिन्यात ताई माहेरी अमरावतीला गेली. पहिलं बाळंतपण माहेरी, आमच्याकडे ठरलेलंच. मग चित्रं व्हॉट्सअॅपवरून जायला लागली. सुट्टीत मी घरी गेले तर तिच्या खाटेसमोर भिंतीवर शेजारच्या काकूंनी आणून दिलेला बाळाचा फोटो लावलेला. गोरंपान, निळ्या डोळ्यांचं, सोनेरी जावळाचं बाळ. सकाळी उठल्याबरोबर त्याच्याकडे पाहायचं म्हणजे पोटातलं तसं होतं, असं सगळ्या म्हणतात.

"हे कोनाचं लेकरू आहे वं?" ताई मला म्हणाली. "मी काळी, हे काळे. उद्या असं गोरं झालं तं लोक मलेच इचारतीन. तू आमचं काढून दे."

मी तिचा आणि भाऊजींचा लग्नातला फोटो यंत्राला दिला आणि सांगितलं, यांचं बाळ काढ. पहिलं बाळ दुधासारखं आलं. रंग सावळा कर म्हटलं तर काजळीसारखं आलं. चौथ्या वेळी ताईच्या नाकाचं, भाऊजींच्या रंगाचं, खळाळून हसणारं बाळ आलं, फक्त त्याला खालचे दोन दात होते. "आतापासूनच दात? मले चावन ना हा," ताई म्हणाली. आम्ही दात काढून टाकले.

मग तिने हळूच सांगितलं, "कान माहे नको टाकू."

ताईचा उजवा कान वरून दुमडलेला आहे. पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडतो तसा. शाळेत पोरी तिला दुमडी म्हणायच्या. तेव्हापासून ती केस कानावर ओढून घेते, अगदी उन्हाळ्यातसुद्धा. लग्नाच्या फोटोतही कान झाकलेलाच होता, त्यामुळे यंत्राला तो दिसलाच नव्हता. तरी मी खबरदारी म्हणून लिहिलं, दोन्ही कान सरळ हवेत. ते चित्र मोठं करून छापून आणलं आणि निळ्या डोळ्यांच्या बाळाच्या जागी लावलं.

आईने ते पाहिलं आणि दारातच थांबली. तिने ताईच्या बाळासाठी जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं लुगडं ट्रंकेत काढून ठेवलं होतं, पण कापलं नव्हतं. बाळ झाल्यावर कापायचं. नवं काही आणायचं नाही, शिवायचं नाही, पाळणा बांधायचा नाही.

"जन्माच्या आंधी आपून आंगडं बेतत नाई," आई म्हणाली, "अन् तू तं तोंड बेतलं."

"आई, हे सायन्स आहे," मी म्हणाले.

चित्र काढल्याने कोणाचं बाळ जात नाही. मी नर्सिंगची विद्यार्थिनी आहे, एवढं मला कळतं. आईच्या त्या वाक्याचा मला राग येतो तो वाक्य खोटं होतं म्हणून नाही. माझा गुन्हा दुसराच होता आणि आईने बोट भलतीकडे ठेवल्यामुळे त्याच्याकडे कोणाचं लक्षच गेलं नाही, म्हणून येतो.

गुन्हा पस्तिसाव्या चित्राखाली लिहिलेला आहे. यंत्राने ओळ दिली होती: आता पोटात जागा कमी, म्हणून बाळाची हालचाल कमी होते. मी ती तशीच टाकली. वाचताना कोरडी वाटली म्हणून पुढे दोन शब्द माझ्या मनाने जोडले. काळजी नको.

त्या मंगळवारी सकाळी माझी ड्यूटी गरोदर बायकांच्या ओपीडीत होती. वजनं करायची, कार्डं भरायची. ताईचा फोन आला. "आज जरा कमी हलून राहिलं वं."

"पस्तिसावा लागला ना तुले," मी वजनकाट्याकडे पाहत म्हणाले. "जागा कमी असते आता. फोटोखाली लिहिलं आहे ना मी."

"हो, वाचलं मी," ती म्हणाली. "मंग ठीक आहे ना?"

"ठीक आहे. काही गोड खा अन् डाव्या कुशीवर पडून राहा." हे मी अशा आवाजात सांगितलं, जसं काही मी बारा वर्षं तेच करत आले होते. समोरची बाई माझ्याकडे आदराने पाहत होती. मला ते आवडलं, तेही लिहून ठेवते.

दुपारी चारला आईचा फोन. "ठोके लागून नाई राह्यले म्हनते डाक्टर. तू ये."

मी अॅप्रनवरच स्टेशनवर आले. गाडीत बसायला जागा मिळाली, अमरावतीजवळच्या बडनेऱ्यापर्यंत तासाभराचाच रस्ता. पिशवीत जर्नल होतं. मूर्तिजापूर गेल्यावर मी ते उघडलं, का ते माहीत नाही, हाताला काहीतरी काम हवं होतं. चाळता चाळता एक पान आलं. गर्भाच्या हालचाली. माझंच अक्षर. आईला रोज हालचाली मोजायला सांगाव्यात. हालचाल कमी वाटली तर ती कोणत्याही आठवड्यात सामान्य समजू नये, वाट न पाहता दवाखान्यात पाठवावं. खाली मॅडमची लाल टिक. ते पान मी मैत्रिणीच्या वहीतून कानात गाणी लावून उतरवलं होतं. लिहिलं होतं, शिकले नव्हते. त्याच पानासमोर माझी देखणी आकृती होती आणि ती मला चांगली आठवत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई बाळंत झाली. कळा सगळ्या तशाच येतात, हे मला माहीत नव्हतं. जिवंत बाळाला येतात तशाच. विद्यार्थिनी म्हणून मला आत राहू दिलं. ताईने माझा हात एवढा आवळला होता की दोन दिवस तिच्या नखांचे वण राहिले. शेवटी खोलीत जी शांतता झाली ती मी पुन्हा कोणत्याही प्रसूतिगृहात उभी राहिले की मला ऐकू येते. अजून येते.

मुलगा होता. मी त्याला हातात घेतलं, पुसलं. डोळे मिटलेले. जावळ दाट, ओलं, कपाळाला चिकटलेलं. नाक ताईचं. रंग सावळा, आत कुठेतरी जांभळट. तोंड किंचित उघडं, जणू काही विचारायचं राहून गेलं. आणि उजवा कान वरून दुमडलेला. मी बोटाने तो सरळ केला, तो परत दुमडला. मी परत केला, परत तेच.

"आईले नोका दाखवू," दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "माया लागते मंग." दारात आमची आई उभी होती, तीही तेच म्हणाली. आणि आईने स्वतःही पाहिलं नाही. "मी पाह्यलं तं मले हिले सांगा लागन," ती म्हणाली आणि लुगडं माझ्याकडे देऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ते लुगडं मी तिथे कापलं. भाऊजींनी बाहेर गुंडाळलेलं बाळ घेतलं, वरचा पदर उघडला नाही. ते आणि आमचे मामा त्याला घेऊन गेले.

त्याआधी ताईने एकदाच हात पुढे केला होता. बाळाच्या आईला पाहायचं असेल तर बाळ तिच्या हाती द्यावं, घाई करू नये, हेही मॅडमनी शिकवलं होतं. मी तो हात धरला. बाळ नाही दिलं. माझ्या अॅप्रनच्या खिशात फोन होता, त्यात त्याची छत्तीस खोटी चित्रं होती, आणि मी एक खरा फोटो काढला नाही.

डॉक्टरांना मी जिन्यात गाठून विचारलं, काल सकाळीच आणलं असतं तर? त्यांनी चष्मा काढला. "आता ते सांगता येत नाही," म्हणाल्या. त्यांनी हो म्हटलं असतं तर मी मेले असते आणि नाही म्हटलं असतं तर सुटले असते. त्यांनी दोन्ही केलं नाही. मग मी घरी कोणाला त्या ओळीबद्दल सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी घरी ताईने भिंतीवरच्या चित्राकडे पाहत विचारलं, "असाच होता ना?"

"हो," मी म्हणाले. "असाच."

मला वाटलं होतं, चित्र कोणीतरी काढून ठेवेल आणि विषय मिटेल. कोणी हात लावला नाही. दीड महिन्याने ताई अकोल्याला परत गेली तेव्हा तिने स्वतःच ते उतरवलं, कपड्यांच्या घड्यांमध्ये ठेवून सोबत नेलं आणि फ्रेम करून शोकेसमध्ये लावलं. मी रविवारी जेवायला गेले की भाऊजी कामाचं निमित्त काढून बाहेर जायचे.

मग एका रविवारी ताई म्हणाली, "तीन महिन्याचा झाला असता आता. मान धरली असती. काढतं का?"

मी काढलं. नाही म्हणायला कोणत्या तोंडाने म्हणणार? तिसऱ्या महिन्याचं झालं, मग पाचव्याचं, पालथं पडलेलं. मग सातव्याचं, उशीला टेकून बसलेलं. यंत्राला कंटाळा येत नाही, दुःखही होत नाही. त्याने तेच नाक, तोच रंग आणि तेच दोन सरळ कान धरून ठेवले आणि मूल मोठं करत नेलं. ताई ती चित्रं फोनमध्ये ठेवायची आणि भाजी निवडता निवडता पाहायची. ती रडत नव्हती. सगळे म्हणायचे, सावरली बरं पोरगी. मला मात्र तिच्या त्या कोरड्या डोळ्यांची भीती वाटायला लागली होती.

एके दिवशी मी स्वयंपाकघरात असताना समोरच्या घरी नव्याने राहायला आलेली बाई साखर मागायला आली. फ्रेमकडे पाहून म्हणाली, "किती गोड आहे हो. कोनाचं?"

"माहं," ताई म्हणाली. "आता नाई आहे. पण असाच होता. माही बहीन होती तिथी, तिनं पाह्यलं."

माझी साक्ष काढली होती तिने. त्या खोट्या पोराच्या बाजूने मी एकटीच साक्षीदार होते, आणि खऱ्याच्या बाजूने कोणीच नव्हतं. तो लुगड्यात गुंडाळून गेला तो गेलाच. वरून आम्ही त्याच्या जागी दुसरं मूल बसवलं, त्याला मान धरायला लावली, बसायला लावलं. मला त्याची फार दया आली. त्याच्या आईलाही त्याचा चेहरा माहीत नव्हता.

होस्टेलवर येऊन मी यंत्राला खरा चेहरा काढायला सांगितलं. डोळे मिटलेले, जावळ ओलं, उजवा कान वरून दुमडलेला. त्याने झोपलेलं बाळ दिलं, गालावर गुलाबी रंग, कान सरळ. मी पुन्हा सांगितलं. पुन्हा सरळ. शब्द बदलले, बोटाने तेवढा भाग खोडून परत सांगितलं. दुमडलेला कान त्याला चूक वाटत असावी. दरवेळी मोठ्या आपुलकीने सुधारून देत होतं. ज्या यंत्राला मी वर्षभर चुका करतं म्हणून रागावले, ते आता मला हवी होती ती एक चूक करायला तयार नव्हतं.

शेवटी मी पेन्सिल घेतली. जर्नलच्या मागच्या कोऱ्या पानांवर काढायला बसले. चेहरा म्हणून जे आलं ते बटाट्यासारखं. मी फाडलं नाही, पुढच्या पानावर परत काढलं. ज्या हाताने मी वर्षभर गिरवलं होतं त्याला स्वतःहून एक रेघ येत नव्हती. नाक बसेना, ओठ जमेना. काढायला बसल्यावर कळलं की मला बरंच आठवतच नाही. भुवया होत्या का? हनुवटी कशी होती? मी एवढी एकटी साक्षीदार आणि मीही नीट पाहिलं नव्हतं. मॅडमचं म्हणणं मला तिथे खरं कळलं. मी वहीवर डोकं ठेवून खूप रडले. खोलीतल्या मैत्रिणीने पाणी आणून दिलं.

रोज थोडं थोडं काढत गेले. महिन्याभराने एक कान जमला. फक्त कान. तो मला पूर्ण आठवत होता, कारण माझ्या बोटाने तो दोनदा सरळ केला होता.

त्या रविवारी मी ते पान घेऊन ताईकडे गेले. दुपारची वेळ, भाऊजी बाहेर गेलेले. ती खाली बसून सुपात तुरीची डाळ निवडत होती. म्हणाली, "नवव्या महिन्याचं आनलं का? रांगत असंन ना आता." मी तिच्यासमोर बसले आणि पान सुपाच्या बाजूला ठेवलं.

"हे काय? कान?"

"त्याचा," मी म्हणाले. "उजवा."

ती पाहत राहिली. डाळीचं पीठ लागलेला तिचा हात आपोआप वर गेला, केसांच्या आत, स्वतःच्या कानाकडे. तो दुमडलेला भाग तिने दोन बोटांत धरला.

"माहा?"

"हो."

"तू तं म्हने असाच होता. फोटोतल्यासारखा."

"खोटं सांगतलं मी तुले."

तिने काही म्हणायच्या आत मी बाकीचंही सांगून टाकलं, नाहीतर ते परत आत गेलं असतं. पस्तिसाव्या चित्राखालची ओळ चूक होती. मी ती पुस्तकात पाहिली नव्हती. काळजी नको हे माझे शब्द होते. तिचा फोन आला तेव्हा तिला ताबडतोब दवाखान्यात जा म्हणायला हवं होतं, आणि माझ्या स्वतःच्या जर्नलमध्ये तसं लिहिलेलं होतं. ती मला मारेल, हाकलून देईल, यासाठी मी तयार होते. खरं तर मला तेच हवं होतं.

ताई सुपातल्या डाळीवरून नुसता हात फिरवत राहिली.

"मले सोमवारी संध्याकाईच कमी वाटलं होतं," ती म्हणाली. "आईले सांगनार होती. मंग तुहा फोटो उघडला. काळजी नको लिहिलं होतं. मी मोबाइल ठेवला अन् जेवली. तुले फोन तं दुसऱ्या दिवशी केला." तिने डाळीतला एक खडा उचलून बाजूला टाकला. "कोनालेच नाई सांगतलं मी. तुह्या भाऊजीले बी नाई. मले वाटे, मीच मारलं त्याले."

एवढे महिने आम्ही दर रविवारी एकमेकींसमोर बसून जेवत होतो. तिला वाटत होतं तिने मारलं आणि मला वाटत होतं मी. आणि दोघी मिळून त्या दोन शब्दांखाली एक तिसरंच पोर वाढवत होतो. "तू नाई मारलं," मी म्हणाले. "तुले मी सांगतलं होतं." ती म्हणाली, "तू लहान आहे." मी तेवीस वर्षांची आहे.

मग ती उठली. शोकेसमधली फ्रेम काढेल असं मला वाटलं, पण ती तिकडे गेली नाही. तिने हात धुतले, पुसले, माझ्या शेजारी येऊन बसली, केस उजव्या कानामागे खोचले आणि ते पान मांडीवर घेतलं.

"आता खरं सांग," ती म्हणाली. "नाक?"

"तुहं."

"जावळ होतं?"

"लय होतं. कपाळावर आलं होतं."

"भुवया?"

"नाई आठवत मले, ताई."

ती त्यावर रागावली नाही. पानावरच्या कानाच्या दुमडीवरून बोट फिरवत राहिली. मग विचारलं, "नखं आली होती का त्याले?"

"आली होती," मी म्हणाले. "बोटाच्या टोकाच्या बाहेर आली होती जराशी."

तेव्हा इतक्या महिन्यांनी ती पहिल्यांदा रडली.

"मंग कापा लागली असती," ती म्हणाली. "नाई तं ओरबाडून घेते लेकरू तोंडाले."